किल्लारीनंतर माती-दगडाचं घर बांधावं का?

प्रश्न: आमचं घर औसा तालुक्यात आहे. आजोबांचा माळवदाचा (लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचा) वाडा अर्धा पडलाय, पण खांब-तुळया शाबूत आहेत. त्याच जागी 30 बाय 50 फुटांत नवं घर बांधायचंय. उन्हाळ्यात स्लॅबच्या घरात जीव नकोसा होतो, म्हणून मला आणि बायकोला माती, दगड, चुना वापरायचा आहे. आई मात्र ठाम आहे : ‘त्या रात्री मातीखाली माणसं गाडली गेली, मी माळवदाखाली झोपणार नाही.’ जुन्या पद्धतीनं आज सुरक्षित घर बांधता येतं का?

उत्तर: बांधता येतं. पण सुरुवात आईंच्या म्हणण्यापासून करू या. त्यांची भीती खरी आहे आणि त्या भीतीचं उत्तर दिल्याशिवाय घराचा नकाशा काढायला बसू नका. मी वास्तुकला शिकवतो. विद्यार्थ्यांना घेऊन मराठवाड्यातले वाडे, गढ्या, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) मोजणं हा माझ्या शिकवण्याचा भागच आहे. तरीही ‘जुनं ते सगळं चांगलं’ असं मी कुणाला सांगत नाही, आणि लातूर-धाराशिवात तर ते म्हणूच नये.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, गणपती विसर्जन करून आलेली माणसं गाढ झोपेत होती. किल्लारीचा हा भूकंप 6.2 च्या आसपासचा होता. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नाही, पण त्याचं केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं आणि वर जी घरं होती ती आडव्या हादऱ्यासाठी बांधलेलीच नव्हती. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. तुमचं घर मातीचं असो की सिमेंटचं, त्याचा हिशेब झोन 3 धरूनच व्हायला हवा.

आता ती घरं का पडली ते नीट समजून घ्या. पडक्या वाड्याच्या उघड्या पडलेल्या भिंतीजवळ जाऊन कडेनं बघा. समोरून एकसंध दिसणारी भिंत मुळात दोन भिंतींची असते. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधे कपच्या व चिखलाचा भराव. दर्शनी तोंड घडवलेलं, मागची बाजू निमुळती. शेतातले गोल दगड वापरले असतील तर ते एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. या दोन थरांना आरपार बांधणारा दगड फार क्वचित दिसतो. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो आणि दोन्ही अंगांना बाहेर रेटतो. भिंतीला पोट येतं, बाहेरचा थर रस्त्यात पडतो आणि आतला थर खोलीत. झोपलेल्या माणसांवर पडला तो हा आतला थर.

त्यात माळवदाचं ओझं. गळायला लागलं की मृगाआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर टाकायची आपल्याकडे रीत. जुना थर कुणी काढत नसे. पिढी-दोन पिढ्यांत माती दीड-दोन फुटांवर जायची. हिशेब करा : अर्धा मीटर मातीचं वजन चौरस मीटरला साधारण 800 किलो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर सात-साडेसात टन. पाच इंची आरसीसी स्लॅबचं वजन याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. भूकंपात छताला जितकं वजन तितका आडवा धक्का मोठा, आणि तो झेलायला खाली पोट सुटलेली भिंत.

आईंना एक गोष्ट आठवत असेल, त्यांना जरूर विचारा. अनेक वाड्यांमध्ये भिंती ढासळल्या, पण लाकडाचा सांगाडा उभा राहिला होता. खांब, त्यावर तुळई, तुळईवर सर (आडव्या कड्या) आणि किलचन (त्यावर अंथरलेले लाकडाचे तुकडे), अशी खणाखणाची चौकट ज्या घरात पूर्ण होती, तिथे छताचं ओझं खांबांवर होतं. भिंत फक्त आडोशाला होती. खरं दुखणं होतं ते असं : भिंत आणि चौकट एकमेकांना बांधलेली नव्हती, भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते आणि छत गरजेपेक्षा कितीतरी जड झालं होतं. दगड आणि माती वापरायची तर या तिन्हींवर उपाय करावा लागतो, आणि तो करता येतो. किल्लारीनंतर दुरुस्त केलेल्या घरांत हेच उपाय वापरले गेले आणि भारतीय मानकांतही ते आहेत. दगडी व तत्सम भिंतींसाठी आयएस 13828 आणि मातीच्या घरांसाठी आयएस 13827, दोन्ही 1993 चीच. तुमच्या इंजिनिअरला ही दोन पुस्तकं उघडायला लावा.

दगडी भिंत दीड फुटापेक्षा, म्हणजे 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको. आपल्याकडे जाडी म्हणजे मजबुती असा समज आहे, पण जाडी वाढली की मधला भराव वाढतो आणि धोकाही वाढतो. उंचीत दर दोन फुटांवर थर सपाटीला आणायचा, आणि त्या थरात आडव्या अंतरात दर चार फुटांच्या आत एक आरपार दगड बसवायचा. तो भिंतीच्या पूर्ण जाडीचा हवा. एवढा लांब काळा दगड मिळाला नाही तर तेवढ्या मापाचा, आत सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. कोपऱ्यात लांब दगड आलटून-पालटून दोन्ही भिंतींत गेले पाहिजेत. गवंडी भिंत उचलत असताना तुम्ही किंवा घरातलं कुणीतरी रोज तिथे उभं राहा आणि आरपार दगड मोजा. गिलावा झाल्यावर ते दिसत नाहीत.

त्यानंतर पट्टे. जोत्यावर एक, दरवाजा-खिडक्यांच्या वर एक आणि छताखाली एक. सगळ्या भिंतींवरून सलग, कुठेही न तुटणारा. तीन-चार इंच जाडीचं काँक्रीट, आत सळया आणि रिंगा. सळई किती जाड हे खोलीच्या लांबीवर ठरतं, ते इंजिनिअर सांगेल. चांगलं लाकूड असेल तर लाकडी पट्टाही मानकात बसतो. तुमच्याकडे जुन्या तुळया आहेत, तेव्हा याचा विचार करा. पट्ट्यामुळे चारही भिंती एकत्र हलतात. जुन्या घरात या पट्ट्याची जागा रिकामी होती, ती आपण भरून काढायची. पट्ट्यासाठी काँक्रीट वापरायला मला जराही संकोच वाटत नाही. त्या त्या काळात हाताशी असलेलं उत्तम साहित्य वापरणं हे आपल्या जुन्या गवंड्यांनीही केलंच.

खांब-तुळयांची चौकट शाबूत आहे असं तुम्ही लिहिलंय. ही तुमची सगळ्यांत मोठी ठेव आहे, ती भंगारवाल्याला देऊ नका. पाडकाम सुरू करण्याआधी प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूनं आकडे टाका आणि तेच आकडे कागदावरच्या आराखड्यात लिहा. मग प्रत्येक तुकडा सुतारासोबत तपासा : टोकं, जिथे लाकूड भिंतीत गाडलेलं होतं, तिथे वाळवी आणि कूज आधी लागते. टोचणीनं टोचून बघा. सडलेला भाग कापून नवी जोड देता येते. उभारताना खांब पूर्वीसारखाच दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीवर) ठेवा, म्हणजे ओल चढत नाही. पण आता तळखड्यातून वर आलेल्या लोखंडी पट्टीला तो बोल्टनं बांधा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरका आधार द्या. जुन्या चौकटीत हा तिरपा तुकडा बहुधा नसतो, आणि आडव्या हादऱ्यात चौकट कलते ती त्यामुळेच.

छताबद्दल माझं मत स्पष्ट आहे. माळवद ठेवायचं तर माती चार ते सहा इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, कधीच नाही. किलचनावर जाड प्लास्टिकचा किंवा चांगल्या वॉटरप्रूफिंगचा पापुद्रा, त्यावर भुसा कालवलेली माती, त्यावर चुन्याचा कोबा आणि पन्हाळीकडे नीट उतार. पाणी अडवायचं काम पापुद्र्याचं, उष्णता अडवायचं काम मातीचं. ही विभागणी केली की दरवर्षी थर चढवायची गरज उरत नाही. आईंना हे वजन आकड्यांत दाखवा : पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतं. तरीही त्यांचं मन घेत नसेल तर त्यांची खोली हलक्या छताची करा : लाकडी चौकटीवर मंगलोरी कौलं आणि खाली फळ्यांचं अंगछत. घर त्यांचंही आहे, आणि रोज रात्री दचकून वर बघत झोपावं लागेल असं छत कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी त्यांच्या डोक्यावर लादू नये.

आता माती. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि भेगाळते. घरीच तपासायची तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू तळाला बसते, तासाभरात पोयटा, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. थरांची जाडी मोजली की माती काय आहे ते कळतं. दुसरी चाचणी याहून बोलकी आहे : 60 सेंटीमीटर लांब आणि 4 बाय 4 सेंटीमीटर आतल्या मापाची लाकडी पेटी करून घ्या, आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. माती एका टोकाला किती आकसली ते मोजा. काळ्या मातीचे तुकडे होतील. त्यात मुरूम, वाळू मिसळत गेलात की आकसणं कमी होताना डोळ्यांनी दिसेल. दाबून केलेल्या स्थिर मातीच्या विटा करायच्या असतील तर मुरमाड, वाळूसर मातीत थोडं सिमेंट पुरतं. चिकण जास्त असलेल्या मातीला चुना मानवतो. त्याचं मानक आयएस 1725.

पांढऱ्या मातीविषयी एक कळकळीची विनंती आहे. गावच्या गढीची किंवा पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडाची माती आणू नका, ट्रॅक्टरवाला दारात आणून देत असला तरी. तेर, पैठण, भोकरदन इथल्या अशाच टेकाडांतून सातवाहन काळातली मणी, भांडी, विटांची बांधकामं निघाली. तेरचं त्रिविक्रम मंदिर बघा : विटांचं, मागून अर्धगोल, चैत्याच्या आकाराचं, इतक्या जुन्या काळातलं वीटकाम देशात फार थोड्या ठिकाणी उभं आहे. अशा गावांच्या पोटातली माती खोऱ्यानं ओढून नेली की त्या गावाचा इतिहासही तिच्यासोबत जातो. तुम्हाला तर गरजही नाही. तुमच्या पडलेल्या भिंतींची आणि माळवदाची मातीच ढिगानं पडली आहे. ती चाळा, त्यातला लोणा तपासा, कारण जुन्या वस्तीच्या मातीत क्षार असतात आणि ते पुढे गिलाव्यावर पांढरे फुलून येतात. क्षार जास्त असेल तर ती माती भिंतीऐवजी छतावर आणि अंगणाच्या भरावात वापरा.

चुन्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घर टिकतं की सडतं हे तिथे ठरतं. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढतेच. मातीची भिंत ती बाहेर सोडते, सिमेंट अडवतं. ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे मातीसकट सुटून येतात. अनेक वाड्यांची ‘दुरुस्ती’ मी अशी झालेली पाहिली आहे. चुना ओल बाहेर जाऊ देतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि बारीक तडा गेला तर तोही काही अंशी स्वतःच भरून येतो.

कळीचा (भाजलेला, पण न विरवलेला) चुना आणा, टाकीत आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. उलट करू नका. चुना उकळतो, उडतो, डोळ्याला इजा होऊ शकते, तेव्हा गॉगल आणि हातमोजे हवेतच, लेकरं लांब ठेवा. विरलेला चुना चाळून पाण्याखाली मुरत ठेवा. तीन आठवडे तरी, जास्त मुरला तर उत्तमच. चांगला मुरलेला चुना हातात घेतला की लोण्यासारखा लागतो, खडा बोटाला जाणवत नाही. चुना दळायच्या घाणी आता फारशा राहिल्या नाहीत, पण यंत्राची चक्की चालते. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू इथून सुरुवात करा आणि भिंतीच्या कोपऱ्यात नमुने लावून बघा. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या. करपलेल्या विटांची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. पूर्वी आपल्याकडे चुना बव्हंशी काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांपासून भाजायचे. त्यात मुळातच चिकणमातीचा अंश असल्यानं तो ओलातही घट्ट व्हायचा. बाजारातल्या शुद्ध चुन्यात तो गुण नसतो, म्हणून सुरखी टाळू नका.

गिलाव्यात तंतू घाला. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याच्या नमुन्यांत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, ते संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यात साळीची तुसं आणि वनस्पतींचे धागे आहेत. तंतूंमुळे वाळताना पडणारी मोठी भेग फुटून बारीक बारीक होते आणि गिलावा भिंतीला धरून राहतो. तुमच्याकडे अंबाडी आहे, ताग मिळतो. बोटभर लांबीचे तुकडे करून मोकळे करा आणि कालवताना पसरत टाका, गुंता राहिला तर तिथे पोकळी होते. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. पहिला थर आवळल्यावर दुसरा. आणि हे काम एप्रिल-मेच्या झळांत करू नका. दिवाळीनंतर सुरू करा, भिंतीवर ओली पोती टांगा. घाईनं वाळलेला चुना हाताला पीठ सोडतो. नीट केलेला चुना काय करतो ते छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात बघा. संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला आहे, बाकी बराच भाग काळ्या दगडावरचा चुन्याचा गिलावा आहे, सतराव्या शतकातला.

पायाचं थोडक्यात सांगतो. औशाची काळी माती खोल असेल तर ती पूर्ण काढून मुरमापर्यंत जा. मुरूम फार खोल लागला तर तळाशी फुगीर असलेले अंडररीम पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्या, इथे जुन्या पद्धतीचा हट्ट नको. जोत्यात काळी माती भरू नका, मुरूम कुटून भरा. जोतं काळ्या दगडात, दोन-अडीच फूट उंच. जोत्याभोवती फरशीचा उताराचा पट्टा घाला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. अंगणाच्या उताराला धारक भिंत लागणार असेल तर परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची, वालूरची बारव बघून या. घडीव दगड चुन्याशिवाय रचलेत, आणि मागच्या मातीतलं पाणी सांध्यांमधून झिरपून येतं, त्यामुळे भिंतीमागे दाब साठत नाही. आपण काँक्रीटची धारक भिंत बांधतो आणि पाणी जायला छिद्रं ठेवायची विसरतो, मग ती झुकते.

30 बाय 50 मध्ये चौक बसतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी म्हणेन बसवाच, आठ बाय दहाचा का होईना. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी पारा 42-43 पर्यंत जातो, पण हवा कोरडी असल्यानं रात्री बरीच उतरते. जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोचायला उशीर लावते, आणि रात्री चौकातून थंड हवा आत घेऊन, वरचे झरोके उघडून ती उष्णता बाहेर काढली की दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा गार सुरुवात करते. भिंत जाड आणि खिडक्या रात्री बंद, असं केलंत तर घर भट्टी होईल. माळवदात पूर्वी उजेडाला आणि धुराला साणं (छतातलं भोक) ठेवायचे. तेच थोडं उंच करून, जाळी आणि झाकण लावून घ्या, गरम हवा तिथून जाईल. पश्चिमेच्या अंगाला झोपायची खोली न ठेवता जिना, कोठी, न्हाणी ठेवा.

चौकाखाली पाण्याची टाकी करा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही सोसलंय. हजार चौरस फूट छतावर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 65 हजार लिटर होतात. गळती, पहिलं गढूळ पाणी सोडून दिलं तरी 50 हजार हाती लागतं. मातीच्या छतावरचं पाणी पिण्यासाठी घेऊ नका, वापरायला घ्या. कौलाच्या छताचं पाणी गाळून वेगळं साठवता येईल.

न्हाणीघर, संडास, ओट्यामागची भिंत हे भाग पक्क्या विटा आणि सिमेंटमध्येच करा, नळ भिंतीत न गाडता बाहेरून न्या. वरचा मजला मातीत नको. काही ठिकाणी सिमेंटचं घर बांधून त्यावर दगडाच्या पातळ चकत्या आणि खोट्या तुळया चिकटवतात. मला ते पटत नाही. त्यात ना गारवा मिळतो, ना पाथरवटाला काम, आणि वजन मात्र वाढतं.

कारागिरांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. आरपार दगडाची भिंत रचणारे वडार आणि चुना जाणणारे गवंडी आजही आहेत, पण वयस्कर आहेत. आसपासच्या मंदिराच्या किंवा किल्ल्याच्या जीर्णोद्धाराच्या कामावर चौकशी करा, तिथे ते भेटतात. त्यांच्या हाताखाली गावातली दोन तरुण मुलं मजुरीवर लावा. मजुरीचा खर्च वाढेल, साहित्याचा कमी होईल. कर्ज घेणार असाल तर बँकेला नकाशा, अंदाजपत्रक आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, म्हणून इंजिनिअर आधी गाठा. ‘मातीचं होत नाही’ एवढंच सांगून मोकळा होणारा नको, वर सांगितलेली मानकं वाचून आकडेमोड करून देणारा हवा.

येत्या पावसाळ्याआधी एवढंच करा : लाकडावर आकडे टाकून ते झाकून ठेवा, माती चाळून ताडपत्रीखाली घ्या, दोन्ही चाचण्या करा आणि अंगणात चार फूट उंचीची एक नमुना भिंत बांधा. अर्धी दगडाची, आरपार दगड आणि पट्टा घालून, अर्धी मातीच्या विटांची, दोन्हींवर चुन्याचा गिलावा. एक पावसाळा तिला उघड्यावर भिजू द्या. दिवाळीत आईंना सोबत घेऊन ती तपासा, त्यांना हवं तिथे फोडून आतली बांधणी बघू द्या, आणि मगच नकाशावर सही करा.